जावई खाटेवर, सासरे स्टुलावर

धुळ्याच्या बसस्थानकाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कोणतं हॉस्पिटल, भाऊ? गावातलं, हायवेवरचं का टेकडीवरचं?" आणि मी ऐटीत सांगितलं, "जे सगळ्यात मोठं असेल ते."

ऐटीत सांगण्याचं कारण असं की बरोबर सासरे होते. सासऱ्यांच्या देखत जावयाने रिक्षावाल्याला "तुम्हीच सांगा, कुठे जायचं?" असं विचारणं आमच्या खान्देशात शोभत नाही. जावयाला सगळं माहीत असतं, हा समज दोन्ही घरांनी मोठ्या कष्टाने जपलेला असतो. तो जपायला मी रिक्षावाल्याला मोठं म्हणालो, आणि त्या इमानी माणसाने आम्हाला गावाबाहेर, हायवेच्या पार पलीकडे, काचांच्या सातमजली इमारतीसमोर नेऊन सोडलं. इमारत खरोखरच मोठी होती. तिथे हृदय होतं, मूत्रपिंड होतं, मेंदूही होता. फक्त डोळ्यांचा वॉर्ड नव्हता. तो गावातल्या जुन्या इमारतीत, म्हणजे आम्ही जिथून निघालो त्या बसस्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होता.

हे मला खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. मी ते नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे सासरे. साक्रीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. त्यांनी पागोट्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं जायं. तेवढंच फिरानं व्हई गयं."

आता हा टोमणा होता की समाधान, हे आजही मला सांगता येणार नाही. जावयाला वाईट बोलायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. त्यामुळे नानांचं माझ्याबद्दलचं खरं मत काय आहे, ते पंचवीस वर्षांत मला कळलेलं नाही. बायको म्हणते, कळून घेऊ नका.

या हॉस्पिटलचं पाटीवरचं नाव फार लांब आहे. सुरुवातीला विद्यापीठ येतं, मग महाविद्यालय, मग संशोधन, मग रुग्णालय. ते नाव मी इथे देत नाही, आणि देऊन उपयोगही नाही, कारण धुळ्यात ते कुणी वापरत नाही. पसारा वाढत गेला तशा इमारती गावभर पसरल्या, आणि लोकांनी त्यांना आपापली नावं ठेवली. गावातलं म्हणजे डोळे, कान आणि बाळंतपण. हायवेवरचं म्हणजे चिरफाड. टेकडीवरचं म्हणजे दात, शिवाय मुलामुलींची वसतिगृहं. या तिन्हींच्या मधे हॉस्पिटलची एक पांढरी बस दिवसभर फिरत असते. तिच्यात शिकाऊ डॉक्टर, शिकाऊ नर्सा, डबेवाले नातेवाईक आणि चुकलेले जावई बसलेले असतात. आम्ही त्याच बसने गावात परत आलो.

नानांचं दुखणं आता सांगायला हवं. त्यांचा उजवा डोळा तरुणपणीच गेलेला. शेतात कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटताना काडी बुबुळात घुसली आणि तिथे पांढरं फूल पडलं. पुढचं सगळं आयुष्य नानांनी डाव्या डोळ्यावर काढलं. त्याच एका डोळ्याने पेरण्या केल्या, बैल पारखले, मला पसंत केलं. आता त्या डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. साक्रीच्या डॉक्टरांनी हात जोडले. म्हणाले, दोन डोळे असते तर मीच केलं असतं, पण एकुलता एक डोळा आहे, मोठ्या कॉलेजात न्या. ऑपरेशन नीट झालं तर नानांना दिसेल. बिघडलं, तर उरलेला अंधूक उजेडही जाईल. प्रकरण एवढं सरळ होतं.

नाना वर्षभर तयार होत नव्हते. त्यांची अडचण ऑपरेशनची नव्हती. कॉलेजची होती.

"तठे पोरे शिकतस," ते म्हणायचे. "शिकाले त्यास्ले मनाच डोया सापडना का? एकच शे मनाजोडे."

शेवटी एका अटीवर ते निघाले. हात मोठ्या डॉक्टरचाच लागला पाहिजे. शिकणाऱ्या पोरांपैकी कुणी डोळ्याजवळ आलं, तर ते उठून साक्रीची बस धरणार. मेहुण्याची कांदे लावण्याची घाई, बायकोच्या शाळेत तपासणी, म्हणून काम माझ्याकडे आलं. मेहुण्याने नानांना साक्रीला बसमध्ये बसवून कंडक्टरच्या हवाली केलं, आणि जळगावहून जाऊन मी त्यांना धुळ्याला उतरवून घेतलं. निघताना बायको मला म्हणाली, "त्यांना परत आणू नका. ऑपरेशन करूनच आणा. आणि मधे मधे तुमचं डोकं चालवू नका."

मी जळगावला ठिबकच्या कंपनीत आहे. नळ्या विकणाऱ्यांना नळ्या कशा विकायच्या हे शिकवतो. म्हणजे मीही एक प्रकारचा शिक्षकच, त्यामुळे कॉलेजात मला बुजल्यासारखं होणार नाही अशी माझी समजूत होती.

पहिला घोटाळा भरती होतानाच झाला. एक तरुण डॉक्टर नानांची माहिती लिहून घ्यायला आला. बोलण्यावरून सांगलीकडचा वाटला. बिचारा इतका दमलेला होता की कागदावरून त्याने एकदाही मान वर केली नाही.

"काय त्रास होतोय आजोबांना?"

नाना म्हणाले, "दखास नही."

डॉक्टरने माझ्या दिशेला कान केला. मी दुभाषा झालो. इथे कबूल करतो की नानांची अहिराणी मला येते असं मी सगळ्यांना सांगत आलोय, पण ती मला येत नाही. आमचं मूळ गाव जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला, तिकडची बोली निराळी. लग्नानंतर सासुरवाडीला मी बरोबर ठिकाणी हसत आलो, एवढंच माझं अहिराणीचं शिक्षण.

"दुखत नाही म्हणतात," मी सांगितलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," नाना म्हणाले.

"दिवाळीपासून दुखत नाहीये," मी.

"म्हणजे दिवाळीच्या आधी दुखत होतं?"

"दिवाळी पहिले थोडं थोडं दखाये," नाना म्हणाले. "आते बठ्ठंच बंद."

"आधी थोडं थोडं दुखायचं. आता पूर्ण बंद झालंय."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. "मग बरंच झालं की ओ. ऑपरेशन कशाला करायलाय?"

प्रश्न रास्त होता. मी तो नानांना केला. "नाना, दुखत नाही तर ऑपरेशन कशाला, असं विचारताहेत."

नानांचा संयम मोठा आहे, पण तो बैलांसाठी राखलेला आहे. ते खाटेवर नीट उठून बसले. "ओ डाक्टर. तुम्ही माले दखातस नही. हाऊ जवाई माले दखास नही. नुसता आवाज येस. त्याबी उलटाच येस."

डॉक्टर नानांना दुखत नाहीत, हे मी समजू शकत होतो. पण मीही दुखत नाही, असं ते का सांगताहेत? त्या एका वाक्यावर मी थोडा वेळ अडखळलो, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दखास म्हणजे दिसतं. दुखण्याशी त्याचा काही संबंध नाही.

"दिसत नाही म्हणतात," मी हळूच सांगितलं.

"तसं सांगा की मग," डॉक्टर म्हणाला, आणि लिहिलेलं सगळं खोडून नव्याने लिहू लागला. उजव्या डोळ्याला जुनी जखम, बुबुळावर डाग, डाव्यात मोतीबिंदू. मान तेव्हाही खालीच.

डोळ्यांचा वॉर्ड बायका-पुरुषांचा एकच, त्यामुळे शेजारच्या खाटेवर शिरपूरकडच्या एक आजी होत्या. डोळ्याला पट्टी बांधलेली, तोंड मोकळं. त्या म्हणाल्या, "तुमचे कोन ते? जवाई शेतस का?" नाना म्हणाले, "जवाईच शेतस." आजी म्हणाल्या, "तरीच."

गावातली इमारत जुनी, दगडी, उंच छताची. वॉर्डात खाटा लांबच लांब ओळीत. प्रत्येक खाटेला एक लोखंडी स्टूल, ते नातेवाइकासाठी. हे स्टूल ज्याने बनवलं त्याला नातेवाईक तिथे फार वेळ बसू द्यायचा नसावा. व्हरांड्यात कुणाची पोळीभाजी, कुणाची चादर, कुणाचं पोर. आणि सगळ्यांच्या मधून पांढऱ्या डगल्यातल्या मुलामुलींचे थवे जात येत असायचे. शिकण्याच्या हॉस्पिटलात जो तो शिकत असतो. मोठ्या सरांच्या मागे शिकाऊ डॉक्टर, मोठ्या सिस्टरच्या मागे शिकाऊ सिस्टर. पेशंटही शिकतात. शिरपूरच्या आजींना दोन दिवसांत वॉर्डातल्या सगळ्यांचे रोग पाठ झाले होते, आणि कुणाला किती थेंब कधी टाकायचे हे त्या डोळ्याला पट्टी असूनही नुसत्या चपलांच्या आवाजावरून सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरा प्रकार झाला.

सासूबाईंनी नानांबरोबर डबा दिला होता. डबा पेशंटसाठी नव्हता, जावयासाठी होता. जावई हॉस्पिटलात का असेना, तो पाहुणाच. कळण्याच्या भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, आणि वरून खापरावरच्या पुरणपोळ्या, ज्या दुसऱ्या दिवशी आणखी मुरतात. आदल्या दिवशी धावपळीत तो डबा तसाच राहिला होता. आता नाना स्वतः हॉस्पिटलची पातळ खिचडी खात मला आग्रह करत होते. "आजून एक ल्या. तुमनी सासू इचारी माले." सासूला उत्तर द्यावं लागेल म्हणून मी आणखी एक घेतली, आणि नानांना वाईट वाटू नये म्हणून आणखी एक.

त्या स्टुलावर, त्या पुरणपोळ्यांवर, मला डुलकी आली. एकदा मी पुढे झुकलो, एकदा मागे. तिसऱ्यांदा भिंतीला डोकं आपटलं. नाना खाटेवरून उतरले.

"पडा जरासं आठे," ते म्हणाले.

"छे छे, नाना. पेशंट तुम्ही आहात."

"पेशंट ऱ्हास तो रातले. आते सासरा शे. जवाई स्टूलवर आन सासरा खाटवर, हाई कोठली रीत शे? वार्डभर लोके दखी ऱ्हायनात."

शिरपूरच्या आजींनी मान डोलावली. मी नाही म्हणत होतो, पण आडवा होत होतो. चष्मा काढून उशीखाली ठेवला, चादर गळ्यापर्यंत ओढली, आणि मला वाटतं चादर गळ्याशी पोचायच्या आत मला झोप लागली.

पुढचं मला नीट आठवत नाही, ते नंतर जोडून घेतलंय. सिस्टर आल्या. त्यांनी खाटेजवळ उभं राहून रीतसर विचारलं, "पेशंटचं नाव?" नानांनी स्टुलावरून रीतसर आपलं नाव सांगितलं. नाव बरोबर, खाट बरोबर, म्हणून सिस्टरनी खाटेवरच्या माणसाची एकेक पापणी वर केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. बाहुली मोठी करायचे थेंब असतात ते. मला स्वप्नात पाऊस लागल्यासारखं वाटलं. मी कूस बदलली.

जाग आली तेव्हा डोळ्यात टॉर्च होती.

सभोवार पांढरे डगले. चष्मा नाही, बाहुल्या विस्फारलेल्या, त्यामुळे मला सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. एक जाड, संथ आवाज म्हणत होता, "बोलू नका. वर बघा. आता खाली." हे मोठे सर असणार. मी वर बघितलं, खाली बघितलं. नळ्यांच्या प्रशिक्षणात मीही लोकांना मधे बोलू देत नाही.

"केस सांगा," सर म्हणाले.

"सत्तरी उलटलेले गृहस्थ," एक आवाज सुरू झाला. सांगलीचाच तो, मी ओळखला. त्याने मला ओळखलं नाही, कारण तो आजही कागदच बघत होता. सत्तरी उलटलेले. मला नुकतं बावन्नावं लागलं होतं. मी उठायला लागलो, तर कुणीतरी कपाळावर हात ठेवून मला परत उशीवर टेकवलं. "आजोबा, हलायचं नाही हं."

आजोबा.

सरांनी माझ्या उजव्या डोळ्यावर टॉर्च धरली, मग डाव्यावर, मग पुन्हा उजव्यावर. मला तेव्हा त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण नंतर सिस्टरनी सांगितलं, सर हसत होते.

"उजव्या बुबुळावरचा जखमेचा डाग," सर म्हणाले. "एकेकाने बघा आणि मला सांगा, कुठे आहे."

सांगलीचा पुढे झाला. वाकला. त्याच्या तोंडाला चहाचा वास येत होता. "आहे सर. खालच्या बाजूला."

"पुढचा."

"आहे सर. पुसट आहे, पण आहे."

"तुम्ही?"

"सर, मला तो मध्याकडे जास्त वाटतो."

माझ्या उजव्या डोळ्यावर काय काय नव्हतं. एकाला डाग लांबट दिसला, एकाला गोल. तिघाचौघांनी तर आपसात त्याची दिशा ठरवली. मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या शिकलेल्या माणसांकडून एकमताने गौरवला गेलो होतो, आणि खरं सांगतो, शेवटी शेवटी मलाही त्या डोळ्यात काहीतरी टोचू लागलं.

"मागे कोण आहे? या पुढे."

एक मुलगी आली. आवाज बारीक. तिने टॉर्च धरली. बराच वेळ बघितलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "खाली, खाली." तिने खालीही बघितलं.

"सर, मला दिसत नाही."

"नीट बघा. यांना सगळ्यांना दिसलाय."

"बघितलं सर. नाही दिसत." तिचा आवाज आणखी बारीक झाला, पण वाक्य बदललं नाही. "माझं चुकत असेल."

सरांनी टॉर्च विझवली. "चुकत नाहीये. डाग नाहीच. आणि या डोळ्यांना मोतीबिंदूही नाही. चाळिशी आहे, आणि दुपारचं जेवण जरा जास्त झालेलं आहे. आता मला कुणीतरी सांगेल का, हे गृहस्थ कोण आहेत?"

"जवाई," शेजारच्या खाटेवरून आजी म्हणाल्या.

"आणि पेशंट?"

"मी शे," स्टुलावरून नाना म्हणाले. "डाग आठे शे. मोठा शे, रुपया एवढा. चुकायचा नही."

यानंतर जे झालं त्यात माझी बाजू कुणीच घेतली नाही. सिस्टर म्हणाल्या, मी नाव विचारलं होतं. नाना म्हणाले, मी माझंच नाव सांगितलं, खोटं कशाला सांगू? सर मला म्हणाले, तुम्ही बोलला का नाहीत? मी म्हणालो, तुम्हीच बोलू नका म्हणालात. सांगलीच्या डॉक्टरने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली आणि मला बघितलं. त्या दुधातही तांबडालाल दिसला बिचारा. मला त्याची दया आली, पण ती मला त्याला दाखवता आली नाही, कारण मला तो नीट दिसत नव्हता.

मी खाटेवरून उतरलो, नाना खाटेवर चढले, आणि सरांनी मग खरा डोळा तपासला. या वेळी कुणी हसत नव्हतं. तपासणी झाल्यावर ते नानांच्या जवळ बसले. त्या स्टुलावर. "नाना, तुमची अट मला कळलीय. एकच डोळा आहे. ऑपरेशन मी स्वतः करणार. शिकणाऱ्या कुणाचा हात लागणार नाही. मग उद्या करायचं ना?"

ज्या होकारासाठी घरातल्यांनी वर्षभर जीव टाकला, तो आता येणार होता. नानांनी उशाजवळचं पागोटं चाचपलं. मला वाटलं, संपलं. माझ्या झोपेने वाट लावली. ज्या हॉस्पिटलात जावयाला सासरा समजतात, तिथे कोण डोळा देईल? साक्रीची बस मला दिसायला लागली, म्हणजे दिसत नव्हती, पण ऐकू येत होती.

"सायेब," नाना म्हणाले, "ती मांगली पोरगी कोठे शे?"

मुलगी पुढे आली. "मी इथेच आहे, आजोबा."

नाना आवाजाच्या दिशेला वळले. "आपरेशन तुम्हीच करा, सायेब. पन हाई पोरगी तठे उभी ऱ्हावाले पाहिजे. तुमले एखादी गोट नही दखायनी, त हाई सांगी. बाकीनास्ले जे नही शे तेबी दखास."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. सरांनी हाताने थांबवलं. "कळलं मला," ते म्हणाले.

डोळ्यांच्या शाखेत ती पहिल्या वर्षाला होती. ऑपरेशनच्या वेळी तिने फक्त दुरून बघायचं, अशी तिथली शिस्त. तरी सर तिला म्हणाले, "उद्या माझ्या शेजारी उभी राहा. मला काही दिसलं नाही, तर सांगायचं." नंतर मी व्हरांड्यात तोंड धुवायला गेलो, तर ती नळापाशी उभी राहून डोळ्यांवर पाणी मारत होती.

सगळे गेल्यावर मी नानांना विचारलं, "तुम्हाला तर आवाजावरून कळत होतं ना, ते मला तपासताहेत म्हणून? बोलला का नाहीत?"

नाना आडवे होत म्हणाले, "म्हनं, दखू त. ज्यास्ना हातमा डोया देना शे, त्या मानूस कितला वयखतस."

ज्यांच्या हातात डोळा द्यायचा, ते माणूस कितपत ओळखतात, हे त्यांना बघायचं होतं. म्हणजे खाट देण्यात रीत होती, पण गप्प राहण्यात परीक्षा होती. कॉलेजात येऊन नानांनी कॉलेजचीच परीक्षा घेतली, आणि परीक्षेची वस्तू मी होतो.

ऑपरेशन थिएटर हायवेवरच्या इमारतीत निघालं. नाना पांढऱ्या बसमधे चढताना म्हणाले, "जवाई ते पहिलेच दखी उनात."

बायको रजा टाकून पहाटेच्या बसने जळगावहून आली होती. नानांना आत नेलं आणि काचेचं दार बंद झालं. आम्ही दोघं बाकावर बसलो. ती पर्सचा बंद उघडत होती, लावत होती. मी एकदा म्हणालो, "सर स्वतः करताहेत." ती म्हणाली, "माहितेय." मग बऱ्याच वेळाने, दाराकडे बघतच, "लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडलांना एकाच डोळ्याने दिसतं. शाळेत एका मुलीच्या वडलांचे दोन्ही डोळे चांगले बघून मला ती श्रीमंत वाटली होती." मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, आणि दुसऱ्या हाताने पर्स उघडत, लावत राहिली.

सर बाहेर आले ते टोपी काढतच. "झालं छान. पट्टी उद्या." त्यांच्या मागून ती मुलगी. बायकोने तिला विचारलं, "काही सांगावं लागलं का तुला?" ती म्हणाली, "एकदा वाटलं, सांगावं. पण तेवढ्यात सरांनाच दिसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या वॉर्डात पट्टी निघाली. नाना बराच वेळ डोळा मिटूनच बसले. सर म्हणाले, "उघडा." तरी उघडेनात. बायकोचा चेहरा मला बघवेना. मग नानांनी डोळा उघडला, आधी समोरची खिडकी बघितली, खिडकीतलं कडुलिंबाचं झाड बघितलं, शेजारच्या खाटेवरच्या आजींना बघितलं आणि रामराम केला. त्या मुलीला जवळ बोलावून तिचं तोंड बघितलं. "बारीक शे," म्हणाले, "जेवत जा." मग बायकोला बघितलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "केस धवया व्हई ग्यात तुना, बाई." बायको हसली, आणि मग पदर डोळ्याला लावून खिडकीकडे वळली.

शेवटी ते माझ्याकडे वळले. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. बऱ्याच वर्षांत मी त्यांना असा स्वच्छ दिसलो नव्हतो. तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होते. मग रीत आठवली असावी.

"चांगला शेतस," म्हणाले, आणि पागोटं बांधायला घेतलं.

हॉस्पिटलातून सोडल्यावर आम्ही तिघं बसस्थानकावर साक्रीच्या बसची वाट बघत होतो. बायको नानांबरोबर माहेरी जाऊन त्यांना पोचवणार होती. खाटेचा प्रकार मी तिला सांगितला नव्हता. सांगणारही नव्हतो. पण नानांना आता दिसत होतं, आणि दिसायला लागल्यावर माणूस बोलतोही जास्त. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पुरणपोळ्या किती ते सांगितलं. थेंब सांगितले, आजोबा सांगितलं, आणि माझ्या चांगल्याभल्या डोळ्यात एकेकाला कसा डाग दिसत गेला, तेही सांगितलं. आजूबाजूची चारसहा माणसंही ऐकत होती.

मी आपली बाजू मांडायचा प्रयत्न केला. म्हणालो, "इतकी शिकलेली पोरं, आणि जे नाही ते दिसतंच कसं म्हणतो मी."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "त्यात त्या पोरांचं काय चुकलं? तुम्ही मला बघायला आलात तेव्हा आमच्या बठ्ठ्या घराला असंच दिसलं होतं. मागे उभं राहून नाही म्हणणारं तेवढं कुणी नव्हतं."